टूहीचा शंभरावा

नोरीन ट्रँटरच्या मते लॅकलन टूही हा क्लबला कधीच न परवडलेला आणि तरीही कुणाला सोडवत नसलेला खेळाडू होता. मॅलीच्या गहूपट्ट्यातून एकोणिसाव्या वर्षी तो मेलबर्नला आला, तेव्हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ह्या क्लबने त्याला खेळाडूंच्या यादीच्या अगदी तळाशी, जवळजवळ उपकार म्हणून घेतलं. बारा हंगामांत त्याच्या जमेला काय, तर समोरच्या नावाजलेल्या गोल मारणाऱ्यांना आणलेला वैताग. खर्ची पडले दोन गुडघे, एक जबडा आणि चार दात. एवढ्या वर्षांत धडधाकट माणसाचे दोनशे सामने होतात. टूहीचे झाले होते नव्व्याण्णव, आणि हंगाम संपला की तो निवृत्त होणार होता.

एरवी नव्व्याण्णव काय नि शंभर काय. पण ज्याने एका क्लबसाठी शंभर सामने खेळले, त्याच्या मुलावर पुढे त्या क्लबचा पहिला हक्क, असा लीगचा नियम. टूहीचा फिन्टन दोन वर्षांचा होता. एक सामना कमी पडला, तर उद्या हे पोरगं कुठल्याही क्लबने उचलून न्यावं. नोरीनला हा हिशेब झोपू देत नव्हता. टूहीवर आपला जीव आहे, असं ती कुणाला म्हणाली नसती. हिशेबाचं मात्र सगळ्यांना सांगायची.

तिच्या हातात तसं काहीच नव्हतं. सामन्याआधी खेळाडू जो फाडून मैदानात उतरतात, तो दुमजली उंचीचा क्रेप कागदाचा बॅनर बनवणाऱ्या मंडळींची ती म्होरकी. टूहीच्या शंभराव्याचा बॅनर तिने तीन आठवड्यांपूर्वीच तयार केला होता. त्यावरच्या ओळीही तिच्याच:

गुडघे गेले, दात गेले, टूही नाही गेला,
शंभर वेळा पडला आणि शंभर वेळा आला!

दर गुरुवारी संघ जाहीर व्हायचा, टूहीचं नाव राखीवांत निघायचं, आणि बॅनर गुंडाळून पुन्हा कपाटावर जायचा. घडीवर फाटला की नोरीन त्यावर आणखी चिकटपट्टी मारायची.

शेवटच्या सामन्याच्या गुरुवारीही तेच झालं.

"राखीव," स्टाव्रो फोन बघत म्हणाला. स्टाव्रो म्हणजे बॅनरचा डावा खांब धरणारा. पूर्वी तळलेल्या माशांचं दुकान चालवायचा आणि अजूनही गिऱ्हाईकाला हाक मारावी तसा बोलायचा. "पुन्हा राखीव!"

नोरीनने कात्री टेबलावर आपटली. "तळाला बसलोय आपण. हरलो तर त्या हॅलोरनच्या बापाचं काय जातंय?"

"कोच आहे तो. म्हणतो, नवी पोरं खेळवून भविष्य घडवायचंय."

"मग टूहीच्या पोरात भविष्य नाही होय?"

"अगं बाई, ते पोरगं अजून चमचा कानात घालतं."

"बापही घालत असेल. म्हणून तर कोचचं काही ऐकू न येता बारा वर्षं खेळला."

स्टाव्रो घरी गेल्यावर तिने एक उद्योग केला. शनिवारचा साधा बॅनर टूहीच्या बॅनरवरच चार ठिकाणी हलकासा चिकटवला. कुणाला सांगितलं नाही. वेळ आली तर वरचा ओढून काढायचा. नाही आली तर आपला कागद, आपली हौस.

शनिवारी खांब उचलताना स्टाव्रो कण्हला. "ह्यात काय सासऱ्याला गुंडाळलंयस?"

"धर सरळ. वारा आहे."

तेवढ्यात मैदानावर सराव करणारा संघातला प्रिडल पोटरी धरून खाली बसला. दोघांनी त्याला उचलून नेलं. नोरीनने मान वर केली ती थेट मोठ्या पडद्याकडे. प्रिडल बाहेर. टूही आत.

"ओढ!" ती ओरडली. "स्टाव्रो, वरचा कागद ओढ!"

"कुठला वरचा?"

"अरे, ओढ म्हणते ना!"

आठ जणांनी मिळून ओढला. वरचा अर्धा सर्रकन निघाला, वाऱ्यावर प्रेक्षकांत गेला, आणि खालून शंभराचा आकडा नि त्या दोन ओळी झळकल्या. जाळीपाशी टूहीची बायको ब्रॉनी फिन्टनला कडेवर घेऊन उभी होती. तिने तोंडावर हातच ठेवला. खालचा अर्धा भाग मात्र निघेना. तीन आठवड्यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. निघेल, फाटेल, असं म्हणेपर्यंत टूही खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आला, ओळी वाचून दात नसलेल्या जागेसकट हसला, आणि छाती काढून जोरात धावत सुटला.

बॅनर फाटला नाही. टूहीला आत घेत तो ताणला गेला आणि मग त्याने टूहीला परत केलं. टूही मागे फेकला गेला, मागचे दोघे त्याच्यावर पडले, आणि ते उठले तेव्हा तो उजवा गुडघा धरून तसाच आडवा.

डॉक्टर धावला. कडेला हॅलोरनने दुसऱ्या राखीव पोराला खूण केली, त्याने अंगातला कोट काढायला घेतला.

सामना सुरू व्हायच्या आधी जो बाहेर गेला, त्याचा सामना धरत नाहीत. नव्व्याण्णव ते नव्व्याण्णवच. नोरीनचे हात खांबावरून सुटले. बारा वर्षं भल्याभल्यांना जे जमलं नाही, ते आपल्या चिकटपट्टीने केलं.

टूहीचे खांदे हलत होते. ती जवळ गेली.

"रडू नको रे, लॅकी. चुकलं माझं."

"रडतोय कोण?" तो हसून हसून गुदमरला होता. "भिंत बांधलीस का गं नोरीन? आणि वर लिहिलंयस, शंभर वेळा पडला!"

"गुडघा?"

"तो तर कधीचाच गेलाय. पण आहे तेवढा आहे." तो उठला, दोनदा उड्या मारून दाखवल्या, डॉक्टरला हाताने बाजूला केलं. "आता दार तेवढं उघड."

खेळाडूंच्या आधी बॅनरला कुणी बोट लावलेलं नोरीनला खपत नसे. मागे एका क्लब अध्यक्षाच्या हातावर तिने चापट मारली होती. तीच आता बॅनरपाशी गेली, नखांनी जमेना तेव्हा दातांनी पट्टी धरली आणि कचकन फाडली. हजारो लोक एकदम ओरडले. टूही त्या भोकातून गेला, त्याच्यामागे सगळा संघ, आणि बॅनरचे दोन तुकडे झाले.

चेंडू उडून सामना सुरू झाला तेव्हा तो मैदानात होता. नोरीनने घड्याळ पाहिलं नाही, पंचाकडे पाहिलं नाही; फक्त स्टाव्रोचा दंड इतका दाबला की तो म्हणाला, "हा पण फाडायचाय का?"

पुढचा खेळ टूहीच्या नेहमीच्या वळणाचा झाला. एकदा चेंडू थेट विरुद्ध संघाच्या हातात दिला, एकदा आपल्याच कप्तानाला आडवं केलं. पण शेवटच्या मिनिटाला, संघ कसाबसा चार गुणांनी पुढे असताना, समोरचा दांडगा गडी गोलाच्या तोंडाशी चेंडू झेलायला उडाला आणि टूही त्या गुडघ्यांवर त्याच्याही वर गेला. चेंडूला बुक्की हाणून त्याने तो रेषेपार घालवला. पायाने गोल झाला असता तर सहा गुण जायचे, तिथे हाताने रेषेपार घालवल्याचा एकच गुण देऊन तीनची आघाडी राखली. भोंगा वाजला.

जिंकल्यामुळे क्लब तळाहून एक पायरी वर सरकला आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत तळाच्या क्लबला मिळणारा पहिला नंबर हातचा गेला. हॅलोरनला हे कुणीतरी सांगत होतं आणि तो कसनुसं हसत होता.

कप्तान आणि एका पायाने लंगडणारा प्रिडल टूहीला खांद्यांवर घेऊन कुंपणापर्यंत आले. ब्रॉनीने फिन्टनला गवतावर सोडलं. पोरगं गर्दीला घाबरेल असं सगळ्यांना वाटलं. ते दुडुदुडु चालत स्टाव्रोपाशी गेलं, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली.

"आई गं!" स्टाव्रो वाकला. "कुणाचं आहे हे कार्टं?"

"आपलं," नोरीन म्हणाली, आणि खाली बसून तिने त्या चिमुकल्या बुटाकडे डोळे भरून पाहिलं. "डावा पाय, स्टाव्रो. डाव्या पायाचा माणूस नाहीच आपल्याकडे."