हातमोज्यांचा अहवाल

आयुष्यात माझं एकच लिखाण गाजलं: दीड पानांचा अहवाल. तो वाचून साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मला वाटलं, इल्पो, आता तुझं भाग्य उजळलं. उजळलं कसलं डोंबल! चार वर्षांनी मी घरी बसलो, आणि माझ्याबरोबर अख्खा विभाग.

झालं असं. एका डिसेंबरात त्या अमेरिकन कंपनीचा बटणं नसलेला नवा फोन उत्तरेकडच्या आमच्या औलू गावातल्या ऑफिसात तपासायला आला. आम्हीही फोनच बनवायचो. गावातल्या निम्म्या चुली त्यावर पेटायच्या. मी फोनमधल्या नावं-नंबरांच्या यादीचं सॉफ्टवेअर लिहायचो. अकरा वर्षं, फक्त यादी. शेजारच्या टेबलावरचा ओस्मो गजराचं घड्याळ सांभाळायचा. तो अमेरिकन फोन घेऊन आम्ही दोघे बाहेर गाड्या लावतात तिथे गेलो. उणे बावीस. हातात लोकरीचे जाड हातमोजे. मी काचेवर बोट ठेवलं. काही नाही. दाबलं. काही नाही. ओस्मोने अंगठ्याने रगडलं, तरी फोन ढिम्म.

"अरे, मेलाय हा!" ओस्मो म्हणाला.

"मेला नाही रे, उन्हाळी आहे," मी म्हणालो, आणि बर्फात उभे राहून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. औलूत माणूस वर्षभरातही इतका हसत नाही.

मग आत येऊन कॉफी प्यायलो, वेलदोड्याचा गोड पाव खाल्ला आणि मी अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत: 'कडाक्याच्या थंडीत फोन लावण्यासाठी कोणताही शहाणा माणूस हातमोजा काढणार नाही.' साहेबांनी तो कॉफीच्या खोलीत भिंतीवर लावला. जगातल्या बहुतेक घरांत हातमोजे नसतातच, ही गोष्ट आमच्या शेकडो इंजिनिअरांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. शिकलेली माणसं आम्ही, दुसरं काय!

जगाने उघड्या बोटांनी ते फोन धडाधड विकत घेतले. आमच्या कंपनीने आमची प्रणाली गुंडाळली, परक्या कंपनीची घेतली आणि आम्हाला केक-कॉफी देऊन वाटेला लावलं. केक बरा होता. ओस्मो आता घरी बेरीची वाईन करतो आणि स्वतःच संपवतो.

आठ महिने झाले, मी घरी आहे. बायको तुइया इस्पितळात नर्स. मी लाकडं फोडतो, वाफेच्या अंघोळीचा सौना तापवतो आणि उरलेला वेळ तिच्या पायात पायात येतो. त्यात सहाशे किलोमीटरवरच्या एस्पोतून नोकरी चालून आली. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. हो म्हटलं की तिथे भाड्याची खोली आणि महिन्यातून दोनदा घर. तुइयाला तिचं इस्पितळ सोडवत नाही, आणि मी सोड म्हणणार तरी कुठल्या तोंडाने?

"सौना दोघांसाठी तापवायचा की एकीसाठी, तेवढं आधी सांग," ती म्हणाली. तेवीस वर्षांच्या संसारात तिचं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

तर गुरुवारी औलूतच मुलाखत होती. पाच माणसांची छोटी कंपनी, फोनसाठी ऍप करणारी. इथे जमलं तर घरी राहायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी एस्पोला होकार. बेकारांना मुलाखत शिकवणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: स्वतःची भरपूर तारीफ कर, आणि त्या अहवालाचं नावसुद्धा काढू नकोस. जुनाट दिसू नये म्हणून मी तो अमेरिकन फोनही घेतला. मीच!

"बटणांचा जुनाही खिशात ठेव," तुइया म्हणाली.

"जुना बघितला तर हसतील ना ते लोक!"

"हसू देत. सव्वीस आहे बाहेर." सव्वीस म्हणजे अर्थातच उणे.

ऑफिसचं दार बंद. आल्यावर फोन करा, असं पत्रात होतं. मी नवा फोन काढला. हातात हातमोजे. आता दुसऱ्या कुणीही सरळ हातमोजा काढला असता. पण मी स्वतःचाच अहवाल मोडू? ते काही होणे नाही. मी इकडेतिकडे बघितलं आणि काचेवर नाक टेकवलं. नाक माझं चांगलंच रुंद आहे. पहिल्या झटक्यात ओस्मोला फोन लागला.

"इल्पो! वाईन हवीय का?"

"नको. ठेव फोन."

"नाकातून का बोलतोयस?"

"ठेव म्हणतो ना!"

दुसऱ्या झटक्याला थंडीने फोनने मान टाकली. पडदा काळा. जुना फोन खिशात ठणठणीत होता, पण कंपनीचा नंबर फक्त नव्यात. नावं-नंबरांच्या यादीवर अकरा वर्षं घासलेल्या माणसाने नंबर कागदावरही उतरवला नव्हता. धन्य आहे माझी! तेवढ्यात दार उघडलं. आत तिशीही न गाठलेली एक मुलगी उभी होती, कंपनीची मालकीण सायला.

"तुम्ही फोन नाकाने लावता?" तिने विचारलं.

आमच्याकडे साहेबालाही अरे-तुरे चालतं. 'तुम्ही' म्हणतात ते म्हाताऱ्यांना. म्हटलं, संपलंच.

आत ऊब होती, कॉफी होती. सायलाने विचारलं, "तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं?"

बाईंनी शिकवलेलं उत्तर मला तोंडपाठ होतं. 'लाखो लोक वापरतील अशी यादी मी घडवली.' तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "यादी होती एक. चालायची बऱ्यापैकी."

तिने ड्रॉवरमधून दुमडलेला कागद काढून टेबलावर ठेवला. ठळक अक्षरं मला दुरूनही ओळखू आली. शिकत असताना ती एका उन्हाळ्यात आमच्याच ऑफिसात कामाला होती आणि भिंतीवरच्या अहवालाची नक्कल करून घेऊन गेली होती.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

'ओस्मोने' असं अगदी जिभेवर आलं होतं. कान तापले. डोळ्यांसमोर एस्पोतली खोली आली, एक पलंग, एक कप.

"मीच," मी म्हणालो. "मूर्ख होतो. वाटायचं, औलू म्हणजेच जग."

ती हसली नाही. "आमचं गिऱ्हाईक म्हणजे उत्तरेतले रेनडिअर पाळणारे. कळप कुठे भटकतोय ते आमचं ऍप नकाशावर दाखवतं. मागच्या महिन्यात त्यांनी ते परत केलं. म्हणतात, उणे तीसमध्ये बर्फगाडीवर बसून हातमोजे काय काढायचे! आम्ही पाचही जण इथे उबेत बसून ऍप लिहितो, बाहेर कुणी पाऊल टाकत नाही. थंडीत फोन घेऊन बाहेर उभा राहिलेला अख्ख्या गावात मला एकच माणूस माहीत होता."

"आणि मघाशी, मी दाराबाहेर होतो तेव्हा?"

"मघाशी दाराच्या काचेतून बघत होते. जरा जास्तच वेळ बघितलं, माफ करा."

मी कॉफी बाजूला सारली. "काचेचा नाद सोडा. आवाज कमीजास्त करायची बटणं बाजूला असतात, ती हातमोज्यातूनही दबतात. नकाशा त्या दोन बटणांवर चालवा. एकाने जवळ, दुसऱ्याने लांब, दोन्ही एकदम दाबली की कळपाकडे. आणि फोन छातीशी, आतल्या खिशात ठेवायला सांगा. बाहेर काढून ठेवलात तर माझ्यासारखी गत." मी किती वेळ बोललो कोण जाणे. कॉफी पार गार झाली होती, आणि सायला भराभर लिहून घेत होती.

"सोमवारी येशील?" तिने विचारलं. येशील, म्हणाली.

"यायला हरकत नाही," मी म्हणालो. आमच्याकडे आनंदाने नाचणं म्हणतात ते हेच.

बाहेर आलो. बसला दहा मिनिटं होती, पण माझ्याने धीर धरवेना. उबेत बसून नवा फोनही शुद्धीवर आला होता. तुइयाला फोन लावला.

"हं," ती म्हणाली.

"सोमवारपासून इथेच. औलूत."

पलीकडे तिने नाक शिंकरलं. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर दोनदाच रडलीय, आणि दोन्ही वेळा सर्दी झालीय म्हणाली होती.

"सर्दी झालीय," ती म्हणाली. "येताना दूध आण. सौना मी तापवते. दोघांसाठी."

फोन कानाशी धरून मी तसाच उभा राहिलो, तिनेही फोन ठेवला नाही. बस आली तेव्हा कुठे लक्षात आलं की उजव्या हाताची बोटं लालभडक होऊन बधिर झालीत. हातमोजा पायाशी बर्फात पडला होता. कधी काढला, दाताने ओढला की कसा, काही आठवत नाही. हातमोज्यातूनही चालणारा जुना फोन डाव्या खिशात तसाच होता, त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

अहवालातलं ते शेवटचं वाक्य मी उगाच ठळक केलं होतं.