बरा की बर्रा

मी संशयी आहे, असं माझा नवरा सुजीत म्हणतो. लाइन अंपायरनं संशयी नसायचं तर काय भोळं असायचं? आठवडाभर मी दुबईतल्या अल कुसैसच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधते आणि शनिवारी टेनिस कोर्टाच्या रेषेवर बसते. दोन्हीकडे काम एकच, डोळ्यांत तेल घालून बघायचं.

त्या शनिवारी दुबईत यजमान देशाच्या मुलींचा संघ खेळत होता. देश छोटा, त्यात टेनिस खेळणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. समोर शेजारच्या देशाचा संघ, तोही अरबी बोलणारा. पहिली मॅच यजमानांनी घालवली होती. दुसरी त्यांच्या सफा नावाच्या मुलीची होती, आणि ती हरली की त्यांची स्पर्धा संपली.

माझ्या खुर्चीमागे, पहिल्या रांगेत, काळ्या अबायातली एक म्हातारी बसली होती. ती मला पहिल्यापासून पटली नाही. सफा जीव तोडून धावायची, अवघड चेंडू परतवायची, की मागून आवाज यायचा, "बर्रा." अरबीत बर्रा म्हणजे बाहेर. पलीकडची मुलगी आउट समजून रॅकेट खाली घ्यायची, चेंडू पडायचा आत आणि पॉइंट सफाला. एकदा झालं तर समजू शकते मी. पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तेव्हा माझी खात्रीच पटली. म्हातारी पोचलेली होती.

पाहुण्यांनी तक्रार केली. रेफरी आला आणि त्यानं मला विचारलं. मी या कानांनी ऐकलंय म्हणून छातीठोकपणे सांगितलं. चोर सापडल्याचा आनंद मला लपवता येत नाही. यजमानांची कॅप्टन वैतागली होती. ही सफाच्या घरची बावर्चीण आहे, म्हणाली, खुशाल बाहेर काढा, पण मॅच थांबवू नका. रेफरीनं ते काम माझ्यावरच सोपवलं.

बावर्चीण म्हटल्यावर हिंदी कळत असेल, असं धरून मी तिला हिंदीत उठायला सांगितलं. कांगावा करेल असं वाटलं होतं, पण ती मुकाट्यानं उठली.

"बरा," ती म्हणाली. "जातंय मी."

माझे पाय तिथंच थबकले. आम्ही पुण्याचे 'बरं' म्हणतो, कोकणातलं माणूस 'बरा' म्हणतं. शाबासकी द्यायलाही बरा आणि पडलेल्या पोराला उठवायलाही बरा. अबाया बघून मीच तिच्या तोंडात अरबी घातली होती.

आजी, तुम्ही मराठी का, असं विचारलं तर तिचा चेहरा उतरला. आता कुठं तिला पकडल्यासारखं झालं. नाव मैमुनाबी, गाव बाणकोट. लेक इथल्या माणसाला दिलेली, सफा त्या लेकीची मुलगी. पण संघात सांगायचं ते बावर्चीण म्हणून, आणि हे नातीला शिकवलं होतं मैमुनाबींनीच. बाकीच्या मुलींच्या नान्या, दाद्या सगळ्या इथल्याच. तू नेमकी कुठली, असं सफाला कुणी विचारू नये, एवढीच त्यांची धडपड.

रेफरीला खरं सांगते, असं मी म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको, बाय. मी लबाड ठरली तरी चालंल. पोर परकी ठरू नये."

मला राग आला. त्यांचा आला, आणि त्यांच्यापेक्षा सफाचा जास्त आला. जिच्या हातचं खाऊन वाढली तिलाच बावर्चीण म्हणायला हिची जीभ रेटली कशी? मी मनगट सोडवून घेतलं आणि रेफरीला सांगितलं की हा शब्द मराठी आहे, त्याचा अर्थ 'छान'. त्यानं माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मघाशी बर्रा ऐकलं म्हणत होता ना तुम्ही, त्यानं विचारलं, आणि तुम्हीही इंडियनच का? म्हणजे आता संशयित मी. लोकांकडे मी असंच बघते, हे मला तेव्हा कळलं.

"खलास," कॅप्टन म्हणाली. "ती कुक आहे. यल्ला, चला, खेळ सुरू करा."

सगळे सफाकडे बघायला लागले. ती रॅकेटच्या तारा सरळ करत होती. गप्प राहिली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, आणि ती गप्पच राहणार अशी माझी पैज होती.

"शी इज नॉट द कुक," ती म्हणाली. "शी इज माय मदर्स मदर."

मग तेच तिनं कॅप्टनकडे वळून अरबीत सांगितलं. कॅप्टनच्या मनात काय आलं ते मला ओळखता आलं नाही, आणि सफालाही आलं नसावं, कारण तिनं तेच वाक्य पुन्हा एकदा सांगितलं. रेफरीनं बराच विचार केला आणि म्हातारीला बसू द्या म्हणाला, मात्र तोंड बंद ठेवून.

सफा कठड्यापाशी आली. कुठल्याही शाळेत न शिकवलेल्या, थेट बाणकोटच्या बोलीत ती म्हणाली, "नानी, बस तितंच. मी हारली तरी उठू नको."

मैमुनाबींनी पदरासारखा शेला तोंडावर घट्ट धरला आणि त्या बसल्या. मी माझ्या रेषेवर गेले. पुढचा चेंडू आत पडला की बाहेर, ते मला दिसलंच नाही.