थर्मोकोलमधली लक्ष्मी

"बिड्या विझवा! तीर्थाला अग्नी सोसत नाही!"

महाराजांनी दटावलं आणि आमच्या भंगाराच्या शेडमधली झाडून सगळी माणसं पुढे सरसावली. शिष्याने पिशवीतून थर्मोकोलचा विटेएवढा तुकडा काढला. महाराजांनी तो परातीतल्या तीर्थात सोडला. चुर्रर्र आवाज झाला, वीट बघता बघता विरघळली, आणि तळाशी टणकन चांदीची गोळी वाजली.

"कचऱ्यात लक्ष्मी असते, बायांनो! पण धातूला धातू ओढतो. बांगडी ठेवा, शेडभर सोनं करून देतो!"

थर्मोकोल म्हणजे आमच्या जिवाला घोर. जागा अडवतो, वजनात भरत नाही, कोणी घेत नाही. हा बाबा फसवतोय, असं आठवडाभर मी घसा फोडून सांगत होते, पण ऐकतंय कोण? पाच जणींच्या बांगड्या गेल्याच होत्या. आज माझ्या वहिनीने हातातली काढली.

"वहिनी, अहो, दहा वर्षं हाच कचरा निवडतोय आपण. कधी सोनं दिसलं?"

"तुमचा कायम नन्नाचा पाढा, वन्सं!"

शेवटी मी धाकट्या बहिणीला ओढून आणलं. ती पलीकडच्या गल्लीत पार्लर चालवते. आत शिरताच तिने हुंगलं.

"हे कसलं तीर्थ? हे ॲसिटोन. याने मी रोज नेलपॉलिश काढते."

तिने आमच्या ढिगातला तुकडा परातीत टाकला. तोही विरघळला. तळाशी नुसता चिकट लगदा.

"थर्मोकोल म्हणजे बहुतेक हवाच," ती म्हणाली. "हवा गेली, मूठभर प्लास्टिक उरलं."

"श्रद्धा नाही तिथे फळ नाही," महाराज म्हणाले. आणि बायांनी माना डोलावल्या!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिष्याच्या पिशवीतला तुकडा हिसकावून मी कोरडाच मोडला. आतून गोळी घरंगळली. मागून चीर पाडून, गोळी खुपसून, वर गोंद लावला होता.

वहिनीने बांगडी परत ओढून घेतली. पोलीस येईपर्यंत बायांनी दोघांना कोंडून ठेवलं. आधीच्या पाच बांगड्या मात्र केव्हाच विकल्या गेल्या होत्या.

तरी निघताना बांगडी गमावलेल्यांतलीच एक म्हणाली, "हा भोंदू निघाला गं. पण खरा असेलच ना कुठेतरी?"

मी म्हटलं, "बाई, कचऱ्यातून कामाच्या वस्तू करणारे आहेत. पण ते कृती उघड सांगतात, तुम्हीही करून बघा म्हणतात. जो कृती लपवून बांगडी मागतो, त्याच्या हाती आधी आपल्या ढिगातला तुकडा द्या. एवढं तरी करा!"