डावी पोटरी

सकाळी नऊच्या सुमारास माईने तेलाची वाटी चुलीवरून उतरवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि बाळंतिणीचा उजवा पाय मांडीवर घेतला. पोर जन्मून दहा दिवस झाले होते. पहिल्या दिवसापासून चोळायला माईच येत होती. गावात तीस वर्षं बाळंतीण म्हटली की माईचा हात, हे ठरलेलंच होतं. उजवा पाय चोळून झाला. डावा घेतला आणि तिचा हात पोटरीवरच थांबला.

पोटरी गरम होती. अंगात ताप नव्हता, पण तेवढी एक जागा तापलेली होती आणि कातडी ताणून चकचकीत झाली होती.

"दुखतं?"

"कालपासून. चालताना जास्त. म्हटलं, सकाळी तुमचा हात फिरला की थांबेल."

माईने कोपऱ्यातली सुतळी घेतली, उजव्या पोटरीभोवती गुंडाळली आणि टोकं जुळली तिथं तोडली. तोच तुकडा डावीभोवती फिरवला. टोकं दोन बोटं दूर राहिली. तिने पदराला हात पुसले.

थोरली, म्हणजे बाळंतिणीची सासू, नातवाची दुपटी घेऊन आत आली. "का गं, थांबलीस का? तेल निवलं?"

"चोळायचं नाही. हिला आत्ता तालुक्याच्या दवाखान्यात न्या. झोपवून न्या, चालवू नका."

"पाय दुखतो म्हणून दवाखाना? पडून पडून आखडतो पाय. तू लाव जरा जोर."

बाहेर मळणीयंत्र धडधडत होतं. कापलेला गहू उघड्यावर पडला होता. वारा सकाळपासून फिरला होता आणि तळ्याच्या बाजूचं आभाळ शाईसारखं झालं होतं. गावात ट्रॅक्टर एकच होता आणि तोही आज थोरलीच्या मळणीला जुंपलेला. बोलणं ऐकून तिचा मुलगा दारात आला. डोक्यावर, भुवयांवर भुस्सा.

"माई, चोळणारीच म्हणते चोळू नका? न्हाव्यानं म्हणावं केस वाढवा, तसं झालं!"

"हस नंतर. ट्रॅक्टर सोड."

"आभाळ बघितलंस का? तासाभरात पाऊस येईल. वर्षाचा गहू आहे तो."

"सर बाजूला," थोरली म्हणाली. "तुला आज कंटाळा आलाय. मीच चोळते." ती खाली बसली, वाटीत बोटं बुडवली आणि सुनेचा पाय ओढला. माईने तिचं मनगट धरलं.

"तुझी लेक अशीच गेली."

थोरलीने वर पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तेराव्या दिवशी याच खोलीत गेली होती. हृदय कमजोर होतं, असं सगळे म्हणाले. थोरली मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की लेकीला शेवटच्या दिवशीसुद्धा माईच्या हाताचं सुख मिळालं.

"तिचीही एकच पोटरी सुजली होती," माई म्हणाली. "अशीच गरम. मी तासभर रगडली. बरं वाटलं म्हणून ती पाणी प्यायला उठली, आणि माठापाशी छाती धरून खाली बसली. तू होतीस की तिथं."

"मग?"

"चार वर्षांमागं आरोग्य केंद्रात आम्हा सुईणींना बोलावलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, थकलेले पाय खुशाल चोळा. पण एकच पाय सुजला, तापला, तर हात लावू नका. आत रक्ताची गुठळी असते. चोळून सुटली तर छातीत जाते. एवढं सांगून झालं आणि बायका चहाला उठल्या. मला उठताच येईना."

मुलगा भुस्सा झटकायचं विसरला. बाळंतीण भिंतीला टेकून दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

"चार वर्षं?" थोरलीने विचारलं.

"हो."

"चार वर्षं माझ्या ओट्यावर बसून चहा पीत होतीस."

माईने तिचं मनगट सोडलं नाही.

"ट्रॅक्टर सोड," थोरली मुलाला म्हणाली.

"आई, गहू—"

"भिजू दे." मग तिने माईचा हात झिडकारला. "आणि तू हिच्याजवळून ऊठ."

ट्रॉलीत गादी टाकून सुनेला नेलं. ट्रॅक्टर पाणंदीच्या वळणाला गेला आणि पाऊस उतरला. निम्म्याहून जास्त गहू काळा पडला. दवाखान्यात गुठळी मांडीपर्यंत चढलेली निघाली. अकरा दिवस इंजेक्शनं चालली आणि बाराव्या दिवशी सून तान्ह्याला घेऊन परत आली. डॉक्टर म्हणाले होते, चोळला नाहीत म्हणून वाचली. हे मुलाने गावात एकदा सांगितलं.

थोरलीने दुसरं सांगितलं, आणि घरोघर जाऊन सांगितलं. "माझी लेक हिनं मारली. एकच पोटरी सुजली होती, हाताला गरम लागत होती, तरी रगडत बसली." कुठली पोटरी, किती सूज, किती दिवसांनी, यातलं काही ती गाळत नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत गावात चार बाळंतपणं झाली. माईला एकाही घरातून बोलावणं आलं नाही. पण त्या चारही घरांत रोज सकाळी बाळंतिणीच्या दोन्ही पोटऱ्यांना हात लावून बघत होते.

त्यानंतर एका दुपारी वरच्या आळीची भाजीवाली माईच्या दारात आली. तिची लेक आठ दिवसांची बाळंतीण होती. भाजीवाली उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तेल आणू नकोस. चोळू द्यायचं नाही म्हणालेत घरचे. पण पोरीचा एक पाय जड लागतोय. सूज आहे की नाही, आमचं आमच्यात जुळेना. तू नुसता हात लावून सांग."

"मला बोलवायला घरचे तयार झाले?"

"नव्हते." ती जरा घुटमळली. "थोरली आली होती बघायला. तिनंच धाडलं. म्हणाली, तिला विचारा, ती आता चुकायची नाही."