कडेवरच्या दोऱ्याच्या खुणा

हसू नका, बोलतोय तो मेणाचा ठोकळाच आहे. काडेपेटीहून लहान, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला. माझ्या पोटात नखाएवढा मांसाचा तुकडा आहे, एका शिंपीणबाईच्या आतड्यातल्या गाठीचा. कॅन्सरची गाठ. शब्द लगेच उच्चारला, कारण तिच्या घरात तो कुणी उच्चारत नव्हतं.

गाठ लवकर सापडली, पूर्ण निघाली. पण अशी गाठ काहींना परत येते, काहींना येत नाही, आणि कुणाला येईल ते वरून दिसत नाही. माझ्या पोटातली जनुकं तपासली तर अंदाज येतो. खात्री नव्हे, अंदाज. पुढची औषधं द्यायची की नाही, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. म्हणून सर्जनने मला घरच्यांच्या हाती दिलं. म्हणाले, "मोठ्या प्रयोगशाळेत पोचवा."

घरचे म्हणजे तिचे मोठे दीर. जन्मभर पोरांना "खरं बोला" शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी तिला सांगितलं, "आतड्याला फोड होता, काढला." मला टाकलं खणात, मेणबत्त्यांशेजारी. "गेली ना गाठ? कशाला उकरायचं? ती हाय खाईल." तिच्या मुलीला न सांगण्याची शपथ घातली. मोठी माणसं स्वतः घाबरतात आणि नाव दुसऱ्याचं लावतात.

एका दुपारी शिंपीणबाई कोटाला बटणं लावत होती. दोरा सारखा गुंतत होता. दोऱ्याला चोळायला मेण शोधत तिने खण उघडला आणि मी हाती लागलो. तिने माझ्या कडेवरून दोरा ओढला. परत ओढला. गुणगुणत होती. खरं सांगतो, तोवर मला सगळ्यांनी दोन बोटांच्या चिमटीतच धरलं होतं.

तेवढ्यात मुलगी आली. कॉलेज अर्धवट सोडलेली, घराच्या मते वाया गेलेली.

"आई, ठेव ते! मेण नाहीये!"

"मग काय सोनं आहे?"

"तुझी गाठ आहे त्यात. कॅन्सरची."

मास्तर सोफ्यावरून उठले. "अक्कल गहाण टाकलीस? शपथ घातली होती तुला!"

"पोट तिचं, काका. शपथ घालणारे तुम्ही कोण?"

शिंपीणबाईने सुई कोटात टोचून ठेवली. मग तिने एका चिंधीने मला हळूच पुसलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "फोडासाठी कुणी इतकं हळू बोलतं का? भावोजी, बसा तुम्ही. आम्ही दोघी जाऊन हे देऊन येतो."

वाटभर मी तिच्या मुठीत होतो. मूठ थरथरत होती, पण सुटली नाही.

प्रयोगशाळेत तपासायला माझे पातळ पापुद्रे काढले. दोऱ्याच्या खुणा नुसत्या कडेवर होत्या, आतल्या मांसाला धक्का नव्हता. आज उत्तर आलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी शिंपीणबाईच्या घरी फोन लावला.

"घरात कुणी मोठं आहे? त्यांना देता?"

"मीच मोठी. पेशंटही मीच. बोला."

"परत येण्याची शक्यता बरीच दिसते. औषधं घेतलेली बरी."

पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

"किती महिने? गिऱ्हाइकांना तारखा द्यायच्यात."

आता मी प्रयोगशाळेच्या फडताळात आहे, बराच झिजलोय. ती औषधं सोसेल का, गाठ खरंच टळेल का, हे माझ्या पोटात लिहिलेलं नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी आला तर खणात टाकू नका. ज्याचा आहे, त्याच्याच हातात द्या. हात थरथरतो, पण धरतो.