आडवी रेघ

आर्वोआजोबांनी लोण्याची सुरी पुसली, आलेखाच्या कागदावर आडवी धरली आणि एक डोळा मिटून नातीने काढलेली रेघ सरळ आहे का ते तपासलं.

"सरळ आहे," ते म्हणाले. आवाजात किंचित निराशा होती.

"असणारच. पट्टीने काढलीय," साइमी म्हणाली.

आठवीचा गृहपाठ होता. गावातले खरे दर आणायचे, एकाच कामाचे पण दोन तऱ्हांचे, असं बोड्री बाईंनी सांगितलं होतं. दोन्हींच्या रेषा एकाच कागदावर काढायच्या, त्या एकमेकींना कुठे छेदतात ते शोधायचं, मग घरच्या एखाद्या मोठ्या माणसाला त्यातला एक दर निवडायला लावायचा आणि त्याचं कारण लिहून आणायचं. बाकीच्या मुलांनी पोहण्याचा तलाव नाहीतर बोलिंग घेतलं. साइमीने डेनी ट्रेव्हारोचा बर्फ ढकलायचा ट्रक घेतला. तो काही गणिताच्या प्रेमापोटी नाही. ऑगस्टमध्ये आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि फावड्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. साइमीच्या आईने वडिलांच्या गराजमधली तिन्ही फावडी गाडीत घालून आपल्या घरी नेली. ऑक्टोबरच्या शेवटी पहिला बर्फ पडला, तेव्हा आजोबा पायऱ्यांवर सापडले. ओव्हनमधल्या पत्र्याच्या ट्रेने बर्फ ढकलत होते. ट्रेबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"आता नीट बघा," साइमी म्हणाली. "ही तिरकी रेघ. डेनीला बोलवाल तेव्हा दर खेपेला पस्तीस डॉलर. ही आडवी. सगळ्या हिवाळ्याचे एकदम दोनशे ऐंशी, मग कितीही वेळा बोलवा. आठव्या खेपेला दोन्ही सारख्या. त्यापुढे आडवी स्वस्त."

"बर्फ किती वेळा पडतो?"

"मागच्या वर्षी त्रेपन्न वेळा. विमानतळावरच्या नोंदीतून मोजलंय."

"फक्त?"

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. कागद जरा लांब धरून पाहिला, मग जवळ आणला.

"मला तिरकी दे."

"आजोबा, त्रेपन्न खेपांचे अठराशे पंचावन्न डॉलर होतात."

"तिरकीच."

"कारण लिहायचंय."

"लिही. दिवसाढवळ्या आडवं पडलेल्या कशावरही माझा विश्वास नाही."

साइमीने तसंच लिहिलं. खाली आपल्या मनाचं एक वाक्य जोडलं: 'माझे आजोबा चुकले आहेत.'

वही परत आली. गणिताला पैकीच्या पैकी गुण होते. जोडलेल्या वाक्यापाशी मात्र बोड्री बाईंनी हिरव्या शाईने लिहिलं होतं, 'नक्की? तुझा क्ष आणि त्यांचा क्ष एकच आहे का?'

शाळेच्या बसमध्ये साइमी तो कागद मांडीवर घेऊन बसली. तिचा क्ष म्हणजे बर्फ किती वेळा पडतो. पण डेनी पैसे पडलेल्या बर्फाचे घेत नाही, फोन केल्याचे घेतो. आणि आर्वो कंगास फोन किती वेळा करतील? या गावात आपल्या दारातला बर्फ दुसऱ्याकडून काढवून घेणं म्हणजे सौनाच्या वाफेत अंघोळीला बसून शेजाऱ्याकडून पाठ चोळून घेण्यासारखं. ज्यांच्याकडे डेनीचा ट्रक येतो ते तेवढा वेळ पडदे ओढून घेतात. आजोबा त्याला एकदाही बोलावणार नव्हते. क्ष शून्य धरला की आडवी रेघ दोनशे ऐंशीवर उभी राहते आणि तिरकी शून्यावर.

आजोबा चुकले नव्हते. आलेख त्यांनी तिच्याआधी वाचला होता. फक्त त्रेपन्नच्या त्रेपन्न वेळा बर्फ ते ट्रेने काढणार होते.

बसमधून उतरल्यावर ती घरी गेली नाही. डेनी पंपावर ट्रकमध्ये पेट्रोल भरत होता. पन्नाशीचा, एकटाच राहणारा, मिशांत कायम काहीतरी अडकलेला माणूस.

"काका, हिवाळ्याचे पैसे आधी भरतात ते लोक तुम्हाला किती वेळा बोलावतात?"

"पाच. फार तर सहा."

"आणि मग?"

"मग काय. लाजतात. पैसे भरून ठेवतात आणि फावडं घेऊन स्वतःच उठतात." डेनीने ट्रकच्या चाकावर थाप मारली. "भली माणसं. दरवर्षी माझ्या नव्या टायरचे पैसे त्यांच्यातूनच निघतात."

डेनीचं हे सगळं बोलणं साइमीने आजोबांच्या स्वयंपाकघरात जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द जास्त घातला नाही, कमी केला नाही.

आजोबांनी तरुणपणी तांब्याच्या खाणीत काम केलं होतं. खाण बंद होऊन पन्नास वर्षं झाली, कंपनीही राहिली नाही, पण आजोबांनी तिच्याशी धरलेला अबोला अजून सोडला नव्हता.

"म्हणजे आपण लाजायचं," ते सावकाश म्हणाले, "आणि त्याने टायर बदलायचे."

साइमी गप्प राहिली. सगळ्या गृहपाठात हीच पायरी सर्वांत अवघड होती.

"त्याला वाटतं कंगासही सहा वेळा बोलावील."

"तसं तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी."

"घ्यायला कशाला पाहिजे?" आजोबा उठले. फळीवरून कॉफीचा जुना डबा खाली आला. त्यातून दोनशे ऐंशी डॉलर बाहेर निघाले, एकेक नोट टेबलावर दाबून सरळ करत. "तो कागद इथे चिकटव. फोनच्या वर. आणि पेन्सिल टांगून ठेव."

त्या हिवाळ्यात डेनीचा फोन वाजायला लागला. आजोबांनी मापाची लाकडी पट्टी दारात रोवली होती. चार बोटं बर्फ पडला की फोन, आणि आडव्या रेघेवर एक ठिपका. पुढे दोन बोटांवर आले. नाताळच्या आत आठवा ठिपका पडला, तेव्हा त्यांनी साइमीला मुद्दाम फोन करून सांगितलं. नवव्या ठिपक्याला ते शीळ घालत होते, असं आई म्हणाली. फावडं दे म्हणून त्यांनी तिच्याकडे एकदाही मागणी केली नाही. वाकडा झालेला ट्रे त्यांनी हातोडीने ठोकून सरळ केला आणि परत ओव्हनमध्ये ठेवला.

फेब्रुवारीत डेनीने साइमीला शाळेच्या दारात गाठलं. ट्रक चालूच होता.

"तूच ना ती? आर्वोकाकांना आलेख शिकवणारी?"

"हो."

"एकतीस खेपा. काल तर कुत्र्याच्या पावलाएवढा बर्फ होता. ते पट्टी घेऊन उभे. म्हणाले, मोज."

"मग?"

"मोजला. करतो काय? आणि एवढ्यावर सोडतात का? कॉफी घे म्हणतात. मी म्हणतो, काका, ट्रक चालू आहे. म्हणतात, बंद कर. आता तर तो वेलदोड्याचा गोड पाव करायला लागलेत."

"निसू? तो तर आजी करायची."

"आजीने असा नसणार केला. मी एक तुकडा खिशात घालून आणला, तर दुसऱ्या दिवशी टायरखाली अटकण म्हणून लावता आला." डेनीने दार ओढून घेतलं, मग काच खाली केली. "पुढच्या वर्षी हा एकरकमी दरच बंद करतो. ज्याला पाहिजे त्याने पस्तीस डॉलर द्यावेत. तुझ्या बाईंनाही सांग."

साइमीने बाईंना सांगितलं. व्यवसायाच्या दृष्टीने त्याचा निर्णय अगदी बरोबर आहे, असं बाई म्हणाल्या. साइमीला मात्र त्या रात्री ओव्हनमधला ट्रे आठवत राहिला. तिरक्या रेघेवर आजोबांचा क्ष किती, हे तिला पाठ होतं.

एप्रिल आला. रस्ते कोरडे झाले, पन्हळींतून पाणी वाहायला लागलं, लोक बिनटोपीचे एकमेकांना ओळखायला लागले. एका शनिवारी साइमी आजोबांकडे गेली, तर दारात डेनीचा ट्रक उभा होता. इंजिन बंद. पुढचं पातं काढायचं अजून राहिलं होतं.

आत दोघं टेबलाशी बसले होते. मधे ट्रेवर पाव होता, वरून साखर पेरलेला, निम्मा संपलेला.

"आज कुठे बर्फ आहे?" साइमीने विचारलं.

"आहे," आजोबा म्हणाले. "मागे झाडाखाली."

तिने खिडकीतून पाहिलं. स्प्रूसच्या सावलीत टेबलक्लॉथएवढा मळकट बर्फ उरला होता.

"फोन आला, म्हणून आलो," डेनी तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "ठरलेलं ते ठरलेलं."

"काढणार आहात?"

"कॉफी होऊ दे."

आजोबा उठून फोनपाशी गेले. आडव्या रेघेवर चव्वेचाळिसावा ठिपका दिला आणि दुसरी किटली भरायला घेतली. ते पाठमोरे झाले तसा डेनीने जाकिटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावरून साइमीकडे सरकवला.

पुढच्या हिवाळ्याचा छापील फॉर्म होता. इतक्या आधी तो कुणालाच देत नसे. दोन्ही दर होते, जुनेच. पस्तीस डॉलरच्या ओळीवर पेनने आडवी रेघ मारलेली होती, पट्टी न लावता.

"पेन्सिल आहे का तुझ्याकडे?" डेनी हळूच म्हणाला. "सही त्यांची पाहिजे. पण सहजासहजी देणार नाहीत ते. आधी टायरचं काहीतरी बोल."