गादीचा डेमो

गादीवाल्या काकांचं इंग्रजीशी वैर नव्हतं, नुसती ओळख नव्हती. पण लेकीने दुकानाचा कारभार हाती घेतला आणि फर्मान काढलं, "बाबा, परदेशातून ऑर्डरी यायला लागल्यात. इंग्रजी ऐकू आलं की फोन आपटायचा, हे आता बंद. उद्यापासून संध्याकाळच्या क्लासला जायचं."

लेकीपुढे काकांचं काही चालत नसे. छप्पन्नाव्या वर्षी वही-पेन्सिल घेऊन ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

क्लासच्या बाई कडक. दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी इथे यायच्या, आणि कुणाचा उच्चार चुकला की चष्म्यावरून अशा बघायच्या, की त्याला स्वतःचं नावही आठवू नये. त्या आठवड्यात जाहिरात आणि विक्रीचे शब्द चालले होते. ब्रँड, टार्गेट, कस्टमर, फीडबॅक, कॅम्पेन. काका गादीत कापूस भरता भरता घोकायचे आणि वर्गात उभं केलं की त त प प.

"उद्या प्रत्येकाने आपल्या धंद्यातली वस्तू आणायची," बाई म्हणाल्या, "आणि इंग्रजीतून तिचा डेमो द्यायचा."

वर्गातल्या किल्लीवाल्याचं सोपं होतं, त्याने खिशात एक कुलूप टाकलं. काकांनी डबल गादी डोक्यावर घेतली आणि तीन जिने चढले. दुसऱ्या वळणावर गादी अशी अडकली की खालून किल्लीवाला ढकलतोय आणि वरून दातांच्या दवाखान्यातली ताई ओढतेय. ताईला उपटायची सवय होती म्हणून निभावलं.

बाकं सरकवून गादी पसरली. सगळ्यांच्या नजरा काकांवर, आणि काकांच्या डोक्यात नुसता कापूस. शेवटी कसेबसे तीन शब्द बाहेर पडले.

"मॅडम, प्लीज ट्राय."

बाई काठावर बसल्या. "पूर्ण वाक्यात बोला, काका." मग जरा टेकल्या. मग पाय वर घेतले. "बोला, मी ऐकतेय," म्हणाल्या, आणि दोन मिनिटांत चक्क घोरायला लागल्या.

सगळा वर्ग गादीभोवती गोळा झाला.

"उठवायचं का?" किल्लीवाला कुजबुजला.

"खबरदार!" काका म्हणाले. "गिऱ्हाईक झोपलंय. याहून चांगला फीडबॅक कुठे मिळतो?"

आणि नवल असं, की बाईंचे डोळे मिटले तशी काकांची जीभ सुटली. हळू आवाजात ते म्हणाले, "धिस इज माय कस्टमर. ही स्लीप."

"शी स्लीप्स," ताईने सुधारलं.

"शी स्लीप्स. व्हेरी गुड ब्रँड."

तेवढ्यात बाई झोपेतच ठणकावून म्हणाल्या, "रिपीट आफ्टर मी!"

नेमकं काय म्हणायचं ते कुणालाच कळेना. म्हणून सगळा वर्ग हलक्या आवाजात म्हणाला, "रिपीट आफ्टर मी." बाईंचं समाधान झालं असावं. त्या कुशीवर वळल्या.

आवाजाने क्लासचा कारकून दार ढकलून आत आला. "अहो, हे काय चाल..."

"श्शू!" काका त्याच्यावर धावून गेले. "कॅम्पेन रनिंग!"

कारकून चवड्यांवर चालत आला. बाईंकडे पाहिलं, गादी बोटाने दाबून पाहिली, मग तळव्याने. मग तोही खुर्ची ओढून बसला. तासभर सगळ्यांनी कुजबुजत एकमेकांना कुलूप विकलं, दात विकले, आणि काका न अडखळता चौदा वाक्यं बोलले.

घंटा झाली तशा बाई दचकून उठल्या. केस विस्कटलेले, चष्मा कानावर लोंबतोय.

"मी... कुठवर आले होते?"

"मॅडम," काका छाती काढून म्हणाले, "टार्गेट अचीव्ह्ड!"

बाई रागवायला गेल्या आणि थबकल्या. "उच्चार अगदी बरोबर आहे," त्या पुटपुटल्या. काकांना वाटलं, आपण आता जिन्यावरून न चालता तरंगत उतरणार.

कारकून मात्र गादीपाशीच घुटमळत होता. "काका, घरी एक हवी होती. डिस्काउंट किती द्याल?"

काकांनी वही उघडली, पानं चाळली आणि मान हलवली.

"तो शब्द पुढच्या आठवड्यात आहे."